पैलवानाचं स्त्रीलिंग

७ ऑगस्ट २०२४ ची सकाळ तुम्हाला आठवत असेलच. इकडे न्यू जर्सीत आम्ही उठलो तोवर पॅरिसहून बातमी येऊन गेली होती. विनेश फोगाट अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळच्या वजनात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. नुसती अंतिम फेरीच हुकली असं नाही, नियमाप्रमाणे तिचं नाव गटात सगळ्यात शेवटी गेलं. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं, जिला त्याआधी आंतरराष्ट्रीय कुस्तीत कुणीही हरवू शकलेलं नव्हतं. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकलेली बाई दुसऱ्या दिवशी हिशेबातच नव्हती.

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर चर्चा चालली होती. तुमच्याही ग्रुपवर चालली असेल. "शंभर ग्रॅम म्हणजे एक वाटी वरण!" "निदान केस तरी कापायचे." (केस कापले होते. भारतीय पथकाच्या डॉक्टरांनीच ते नंतर सांगितलं.) एकीने लिहिलं, "मी नवरात्रात नऊ दिवसांत तीन किलो उतरवते, हिला शंभर ग्रॅम जमले नाहीत?" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी काही लिहिलं नाही. आदल्या संध्याकाळी कुस्त्या संपल्यावर तिचं वजन पन्नासच्या वर पावणेतीन किलोच्या आसपास होतं आणि एका रात्रीत तिने शंभर ग्रॅम सोडून बाकी सगळं उतरवलं होतं. पाणी नाही, अन्न नाही, झोप नाही, रात्रभर घाम. हे एवढं सगळं एका मेसेजमध्ये कसं मावणार? शिवाय हे लिहिलं असतं तर "तुला गं कसं एवढं माहीत?" हा पुढचा प्रश्न आला असता. म्हणून आता सविस्तर लिहितेय.

माझी लेक कुस्ती खेळते. हायस्कूलमध्ये नववीत असताना तिने एका मैत्रिणीच्या नादाने नाव दिलं आणि मग नाद तिचा झाला. न्यू जर्सीत २०१९ साली मुलींची वेगळी राज्य स्पर्धा सुरू झाली. त्याआधी मुलींना मुलांशीच खेळावं लागे आणि बरेचदा समोरचा मुलगा मॅटवर यायलाच नकार देई. जिंकलं तर मुलीला हरवलं, हरलं तर मुलीकडून हरला. त्यापेक्षा बसून राहिलेलं बरं. आता मुलींचे गट आहेत, शंभर पौंडांपासून २३५ पौंडांपर्यंत. शनिवारी पहाटे पाचला डबे भरून कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये जायचं, दहा तास लाकडी पायऱ्यांवर बसायचं आणि त्यात आपल्या मुलीची कुस्ती एकूण मिळून बारा मिनिटं बघायची. भरतनाट्यमच्या आयांना वाटतं आमचे हाल कमी असतील. नसतात.

माझे वडील, अण्णा, कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत वाढलेले. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली लाल माती, भिंतीवर मारुती, पहाटेचे जोर-बैठका. मी लहानपणी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत दुधाचा तांब्या घेऊन जायची. उंबऱ्याच्या आत नाही, बायकामुलींना आत जायचं नसे. तांब्या बाहेर ठेवायचा, हाक मारायची आणि मागे फिरायचं. त्यामुळे नात कुस्ती खेळते हे अण्णांना फोनवर सांगताना माझ्या पोटात गोळा आला होता. ते दोन मिनिटं गप्प बसले. मग पहिला प्रश्न आला, "खुराक काय देतीस तिला?"

दुसरा प्रश्न, "वजन किती?"

हा प्रश्न त्यांनी ज्या अर्थाने विचारला तो अर्थ मला नीट सांगायचा आहे, कारण सगळं तिथेच अडतं. अण्णांच्या जगात पैलवानाचं वजन ही मिरवायची गोष्ट. तालमीत पोरगं घातलं की सहा महिन्यांनी बाप विचारणार, किती भरलं? बदाम, थंडाई, तूप, दूध हा सगळा खर्च कुटुंब पोटाला चिमटा काढून करायचं ते पोराचं अंग भरावं म्हणून. लंगोटाचा पक्का असणं, शरीर राखणं, ही बंधनंही होतीच. पण त्या राखण्यात साठवणं होतं. उपाशी राहून पैलवान होता येतं हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. "पैलवान कधी वजन कमी करतंय व्हय?" असं त्यांनी मला तीन वेळा विचारलं असेल.

आणि तोच शब्द बाईला लावला की बघा. "काय पैलवान झालीस गं!" हे वाक्य तुम्ही कुठल्या बाईला कौतुक म्हणून ऐकवलंय? पैलवान ह्या शब्दाला मराठीत धड स्त्रीलिंगच नाही. पैलवानीण म्हटलं तर पैलवानाची बायको वाटते. वर्तमानपत्रं महिला कुस्तीपटू लिहितात, म्हणजे ऑफिसचा शब्द. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, तेव्हा अण्णांनी मला कात्रणाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "आपल्या भागातली पैलवान." व्याकरण त्यांनी असं परस्पर सोडवलं.

आता इकडची व्यवस्था. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मुलामुलीची तपासणी होते. आधी लघवीची घनता बघतात; शरीरात पाणी पुरेसं नसेल तर त्या दिवशी पुढचं मोजमाप होतच नाही. मग चरबीचं प्रमाण मोजतात आणि त्यावरून ह्या सीझनमध्ये जास्तीत जास्त किती खाली जाता येईल ते ठरतं. मुलांना सात टक्के चरबीच्या खाली जाता येत नाही, मुलींना बारा टक्क्यांच्या. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९९७ च्या हिवाळ्यात महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने इथले तीन कॉलेजचे पैलवान वजन उतरवताना मेले. तिन्ही मुलगे. रबरी कपडे घालून गरम खोलीत सायकल मारत राहिले, पाणी प्यायले नाहीत. त्यानंतर नियम कडक झाले. मी ह्या नियमांच्या बाजूची आहे.

पण सोळा वर्षांची मुलगी नियम कसा वाचते ते सांगते. तपासणीच्या कागदावर लिहून आलं की हिला ११८ पर्यंत जाता येईल. तिचं चालतंबोलतं वजन १२८. कागदावरचा आकडा तळ होता, तिने तो पत्ता समजला. कारण १२६ च्या गटात बारावीतली एक तगडी मुलगी आधीच होती आणि १२० ची जागा रिकामी होती. प्रशिक्षक काही दुष्ट माणूस नाही. तो एवढंच म्हणाला, "तुझा निर्णय. पण आम्हाला एक वन-ट्वेंटी हवी आहे." ह्या खेळात माणसाला आकड्यानेच हाक मारतात. "आपली वन-थर्टी-टू कुठे गेली?" "त्यांची वन-फोर्टीन चांगली आहे हं." सुरुवातीला मला गंमत वाटायची.

डिसेंबरपर्यंत ती १२० ला आली. सकाळी अर्धी वाटी ओट्स, दुपारी उकडलेलं अंडं, रात्री बर्फ चघळणं. वजनाच्या आदल्या संध्याकाळी दोन स्वेटर घालून धावणं. मी डब्यात दिलेलं परत यायचं, त्यावर आमची रोज वादावादी व्हायची, आणि वजन झालं की ती जिममध्येच पिशवी उघडून केळं, पीनट बटर, खारे प्रेट्झेल असं काय काय भराभर खायची. सामना त्यानंतर तासाभरात. अशा पोटाने ती कुस्ती खेळायची आणि जिंकायचीही, हीच मोठी पंचाईत होती. हरली असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मग आली संक्रांत. मंडळाचं हळदीकुंकू, शाळेचा हॉल, काळ्या साड्या. मी तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी दारापासून खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर पाच बायकांनी माझ्या लेकीचं कौतुक केलं. "किती छान बारीक झाली!" "चेहरा कसा रेखीव दिसतोय." "काय करतेस गं? आमच्या हिला सांग ना जरा." एकीने तर फोन काढून तिचा डाएट लिहून घ्यायची तयारी केली. पोरीचे ओठ फुटलेले, डोळ्यांखाली काळं, हात थंडगार. हातात दिलेला तिळगूळ तिने कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला, मी बघत होते.

ह्याच बायकांनी, आणि ह्या सगळ्या माझ्या जवळच्या, अडीअडचणीला धावून येणाऱ्या बायका आहेत, गणपतीत तिला काय म्हटलं होतं ते ऐका. तेव्हा ती १२८ होती. उन्हाळाभर सराव केलेला, खाऊनपिऊन टवटवीत, गाल लाल. "खांदे बघा हिचे!" "मुलासारखी चाल झाली गं." "डान्स का सोडलास?" त्याच सुमारास तिच्या मामेबहिणीच्या लग्नासाठी मी पुण्याच्या शिंप्याला तिची मापं पाठवली होती. त्याचा लगेच फोन, "ताई, बाहीचा घेर साडेतेरा लिहिलाय. चुकून तुमच्या मिस्टरांच्या दंडाचं माप आलंय का?"

म्हणजे सशक्त असताना टोमणे आणि उपाशी असताना शाबासकी. माझ्या मते वजनी गटांच्या खेळात मुलींचं जे होतं त्याचं मूळ इथे आहे, खेळाच्या वजनकाट्यात नाही. तो काटा मुलगा-मुलगी बघत नाही. पण मुलगी त्यावर चढते तेव्हा तिच्या आधीपासूनच दुसऱ्या एका काट्यावर उभी असते आणि त्या काट्याला कमी आकडाच आवडतो. तिच्याच टीममधल्या एका मुलाने वजन उतरवलं तेव्हा त्याचे गाल बसले. त्याला देशी दुकानात, देवळात, शेजारात सगळ्यांनी विचारलं, "अरे, आजारी आहेस का?" त्याच्या आजीने त्याला घरी बसवून खीर खायला घातली. माझ्या मुलीला एकानेही हे विचारलं नाही. तिची भूक कुणाला दिसलीच नाही, कारण ती आपल्या ओळखीच्या वेषात आली होती. बारीक होणाऱ्या मुलीला काय झालंय असं आपण विचारत नाही. कसं केलंस ते विचारतो.

बाथरूममधल्या कपाटात पॅडचा पुडा तसाच पडून आहे हे मला जानेवारीत लक्षात आलं. मी बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. तिथे नर्सने शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि ती आरामात म्हणाली, "ऑक्टोबर." वर पुन्हा, "सीझनमध्ये बऱ्याच जणींची जाते. सोयीचंच असतं."

डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी एका कागदावर काढून दाखवलं. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि खेळाला लागणारी ऊर्जा ह्यांचा मेळ बसेनासा झाला की शरीर काटकसर करायला लागतं, आणि जगायला ज्याची आज गरज नाही ते आधी बंद करतं. म्हणून पाळी जाते. त्याबरोबर इस्ट्रोजेन खाली जातं आणि हाडं भरायची थांबतात. आणि हाडं भरायचं वय हेच, विशीनंतर ती संधी फारशी राहत नाही. पूर्वी ह्याला खेळाडू बायकांचा त्रिकोण म्हणायचे, खाणं, पाळी आणि हाडं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या रुंद केली, नाव दिलं रेड-एस, आणि त्यात पुरुषांनाही घेतलं. पुरुषांच्यात मात्र पाळीसारखी ठळक खूण नसते. डॉक्टर म्हणाल्या, तुझ्या शरीराने तुला पत्र लिहिलंय, ते तू सोयीचं म्हणून फेकून देतेयस.

परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग इंग्रजीत जे बोलली ते मी मराठीत सांगते. "आई, पाळी नसते तेव्हा मला मुलगी आहे हे आठवत नाही. छाती पण कमी झालीय. मॅटवर मी फक्त पैलवान असते. स्वच्छ वाटतं."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. सुरुवातीला घाबरले. ही आपल्याला मुलगा समजते का, इथपर्यंत विचार गेला, आणि मी तिला तसं सरळ विचारलंही. आजकाल इथे मुलांना असं विचारता येतं, ती एक चांगली गोष्ट आहे. ती म्हणाली, "नाही. मला मुलगीच असायचंय. पण प्रत्येक वेळी आठवण करून द्यायला नको." मग मला ते कळलं, कारण मला स्वतःला ते ओळखीचं होतं. तालमीच्या उंबऱ्यावर तांब्या ठेवून परत फिरताना मलाही वाटायचं की पाच मिनिटं हे मुलगी असणं बाहेर ठेवता आलं तर आत जाता येईल. तिने तेच केलं होतं, फक्त ठेवायला उंबरा नव्हता म्हणून शरीरातूनच वजा केलं.

आणि खेळाच्या जगाने बायकांना ही आठवण करून देणं कधी सोडलंय? बायकांची बॉक्सिंग २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली, तर त्याच्या आदल्या वर्षी जागतिक संघटनेने सुचवलं की मुलींनी स्कर्ट घालून खेळावं, म्हणजे टीव्हीवर बॉक्सर बायका ओळखू येतील! ओरड झाल्यावर तो ऐच्छिक केला. त्याच स्पर्धेत पुरुषांना दहा वजनी गट होते आणि बायकांना तीन. मेरी कोमने लंडनआधीच्या आपल्या पाचही जागतिक अजिंक्यपदांना गवसणी घातली ती छोट्या गटांत, पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस किलोच्या. लंडनला सगळ्यात लहान गट होता ५१ चा. तिला वजन वाढवून आपल्यापेक्षा थोराड मुलींशी खेळावं लागलं आणि तरी तिने कांस्य आणलं. विनेशचं उलटं झालं. ती ५३ ची, पण त्या गटात भारताची जागा दुसरीला मिळाली, त्यामुळे तिला ५० मध्ये उतरावं लागलं. मधे काही नव्हतंच. पॅरिसला कुस्तीत पुरुषांचे बारा गट आणि बायकांचे सहा. गट कमी असले की दोन गटांमधलं अंतर कुठल्यातरी मुलीला आपल्या शरीरातून भरून द्यावं लागतं, कमी करून किंवा वाढवून.

तर आमचं पुढे काय झालं? माझ्या सांगण्याने काही झालं नाही. डॉक्टरांच्या कागदाने थोडं झालं. बाकीचं अण्णांनी केलं. मी त्यांना पाळीचं काही सांगितलं नव्हतं, एवढंच म्हटलं की ती खालच्या गटात खेळते आणि जेवत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिला विचारलं, "वरचा गट किती किलोचा?" १२६ पौंड म्हणजे सत्तावन्न किलो. म्हातारा उठून बसला. "अगं, खाशाबाचा गट की!"

मग त्यांनी तिला खाशाबा जाधव सांगितले. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनला ते सगळ्यात खालच्या, ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला गेले ते एक गट वर चढून, सत्तावन्न किलोत, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. "वर गेला तवा घावलं," अण्णा म्हणाले. तिने तिथल्या तिथे फोनवर शोधून बघितलं. खरं निघालं. आजोबा बोलले आणि गुगलने मान हलवली, असा योग आमच्या घरी फार येत नाही.

फेब्रुवारीत ती १२६ ला गेली. त्या बारावीतल्या मुलीशी निवड कुस्ती झाली आणि ती हरली, गुणांवर. उरलेला सीझन बाकावर. रडली, चिडली, एकदा मला म्हणाली, "तुम्हाला हेच हवं होतं." मी भाकरी वाढत राहिले. एप्रिलमध्ये पाळी आली. पुढच्या वर्षी ती जागा तिची झाली. काही जिंकते, काही हरते. पूर्वी १२० ला जिंकायची त्यापेक्षा जिंकण्याचं प्रमाण कमीच आहे. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की जेवली आणि चॅम्पियन झाली. तिचा डावा कान आता पैलवानी झालाय, सुजून घट्ट झालेला. खेळताना दागिने चालत नाहीत म्हणून कुड्या काढल्या आणि भोकं बुजत चालली आहेत. माझ्या आईच्या मोत्याच्या कुड्या तिच्यासाठी ठेवल्या होत्या, त्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही. अण्णा मात्र स्वतःचा मोडका कान कॅमेऱ्याला लावून तिला आपला दाखवायला सांगतात आणि दोघं तुलना करतात.

आता मला तिच्या मैत्रिणीबद्दल बोलायचं आहे, जिच्या नादाने हे सगळं सुरू झालं. ती २३५ च्या गटात खेळते. मिडल स्कूलमध्ये तिला मुलं काय काय म्हणायची ते मी इथे लिहिणार नाही. जिमच्या तासाला टीम निवडताना ती नेहमी शेवटी उरायची. मग कुस्तीचा प्रशिक्षक स्वतः तिच्याकडे आला आणि म्हणाला, "आम्हाला तू हवी आहेस." त्याआधी तिच्या शरीराला बघून तिला कुणी हे म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी वजनी गटांना नुसत्या शिव्या घालू शकत नाही. शंभर पौंडांची मुलगी आणि २३० पौंडांची मुलगी एकाच टीममध्ये, दोघींचे गुण सारखे, हे मला दुसऱ्या कुठल्या खेळात सहसा दिसत नाही. ती मॅटवर येते तेव्हा पायऱ्यांवरून लोक तिचं नाव घेऊन ओरडतात आणि ती सिंगलेटची पट्टी नीट करून, पोट आत न घेता, मधोमध जाऊन उभी राहते.

पण पुढचा जिना बघा. मुलांना हायस्कूलमध्ये सगळ्यात वरचा गट २८५ पौंडांचा. कॉलेजात गेलं तरी २८५. ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलला १२५ किलो, म्हणजे साधारण २७५. जड मुलाला वरपर्यंत वाट आहे. मुलींना हायस्कूलमध्ये २३५. कॉलेजात २०७, तिथे २०२६ पासून एनसीएएची मुलींची अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आनंदच आहे. आणि ऑलिंपिकला? ७६ किलो. १६८ पौंडही नाहीत. त्याच्या वर बाईचं शरीर कुस्तीला मोजलंच जात नाही. वेटलिफ्टिंगमध्ये निदान वरचा गट मोकळा आहे, पॅरिसला एक्क्याऐंशीच्या वर कितीही. कुस्तीत दार बंद. बायका जितक्या वर चढतील तितकं त्यांनी लहान व्हायचं.

१९५४ साली वडोद्यात हमीदा बानूने बाबा पैलवानाला दोन मिनिटांच्या आत चीत केलं होतं, आणि तिचं आव्हान असायचं की जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन. वर्तमानपत्रं तिचं वजन १०८ किलो छापायची, रोजच्या दुधा-बदामांच्या हिशेबासकट. आमच्या कोल्हापुरात तिने एका पुरुष पैलवानाला हरवलं तेव्हा लोकांनी दगड मारले होते, हेही नोंदलेलं आहे. तिच्या १०८ किलोंना आजच्या ऑलिंपिकमध्येही गट नाही.

ह्या मैत्रिणीला आता दोन कॉलेजांतून विचारणा आली आहे. दोन्हीकडे २०७ चा गट. तिला वीस-बावीस पौंड उतरवावे लागतील. ती उतरवावेत की गोळाफेकीकडे वळावं, ह्याचा विचार करतेय. गोळाफेकीत वजन विचारत नाहीत. तिची आई म्हणते, बरं झालं, ह्या निमित्ताने तरी बारीक होईल. मी तिच्या आईला डॉक्टरांचा तो कागद दाखवला. तिने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी, ती मुळात बारीक आहे.

गेल्या रविवारी ती मुलगी आमच्याकडे जेवायला होती. पिठलं-भाकरी तिला आवडते, फक्त ठेच्याला हात लावत नाही. नेमका अण्णांचा फोन आला. लेकीने फोन तिच्याकडे वळवला आणि सांगितलं, ही माझी सरावाची जोडीदार. अण्णांनी नमस्कार केला आणि लगेच त्यांचा तो प्रश्न विचारला. मी मधे पडणार होते, पण लेकीने भाषांतर करून टाकलं होतं. मुलीने घास गिळला आणि मोठ्याने सांगितलं, "टू ट्वेंटी-एट."

अण्णांना पौंड कळत नाहीत. लेकीने किलो सांगितले, एकशे तीन. ते पुढे वाकले, चष्मा सारखा केला.

"एकशे तीन? आणि जोर किती मारतीय?"

"किती मारतेस म्हणून विचारतायत," लेक म्हणाली, आणि दोघी मोजायला लागल्या.